पूर्ण नाव काय म्हणालात?

देवदर्शन, लग्नं, शाळेच्या सहली, निवडणुकीची ड्युटी अशा सगळ्या निमित्तांनी मी आजवर हिंडले आहे, पण दुसऱ्याच्या मुलीसाठी भाड्याचं घर शोधायला म्हणून एसटीत बसले ती या खेपेला पहिल्यांदाच. कऱ्हाडच्या स्टँडवरून सकाळची ठाणे गाडी सुटली तेव्हा शेजारी प्रज्ञा होती, मांडीवर तिच्या आईने दिलेला डबा होता आणि माझ्या मनात सहलीला निघाल्यासारखा उत्साह होता. भूगोलाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून मी फारशी कुठे गेले नव्हते. ठाण्याची खाडी, येऊरचे डोंगर, उल्हास नदीचं मुख हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं होतं, डोळ्यांनी मात्र कधी नीट पाहिलं नव्हतं.

प्रज्ञा आमच्या शेजारच्या सुनंदाताई कांबळे यांची मुलगी. सुनंदाताई सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीवर टकटक करून आम्ही एकमेकींना चहाला बोलावतो. प्रज्ञा इंजिनिअर झाली, घरी बसून काही महिने कंपनीचं काम केलं आणि आता कंपनीने तिला ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात रुजू व्हायला सांगितलं. वडील नाहीत. सुनंदाताईंचा पाय घसरून पडल्यामुळे प्लास्टरमध्ये. "तुम्ही जाल का तिच्याबरोबर?" असं त्यांनी विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. ठाण्याला वर्तकनगरमध्ये माझा मामेभाऊ सतीश राहतो, त्यामुळे उतरायची सोय होती.

पुणं मागे पडलं, घाट उतरला, पनवेलनंतर हवा चिकट झाली. ऐरोलीच्या पुलावर मी प्रज्ञाला कोपराने ढोसून खाडी दाखवली. ओहोटी होती. तिवरांच्या मुळांत चिखल चमकत होता आणि पलीकडे इमारतींची अशी भिंत होती की डोंगर कुठे सुरू होतो ते कळेना. प्रज्ञाने मान वर करून पाहिलं, छान आहे म्हणाली आणि परत मोबाइलवर भाड्याच्या जाहिराती पाहू लागली. ठाण्यात उतरल्यावर रिक्षावाल्याने आम्हाला वर्तकनगरऐवजी भलत्याच नगरात नेलं, चूक माझीच आहे असं पटवून दिलं आणि शेवटी घामाघूम होऊन आम्ही सतीशच्या कॉलनीत पोचलो.

सतीशची बायको मीनल बँकेत आहे. तिने साबुदाण्याचे वडे केले होते. प्रज्ञाशी ती अगदी मोकळेपणाने बोलली, तिच्या कंपनीबद्दल विचारलं, तिच्या केसांचं कौतुक केलं. घरं बघायची यादी प्रज्ञाने केलीच होती. ती ऐकता ऐकता मीनल सहज म्हणाली की फोनवर आणि भेटल्यावर नुसतं प्रज्ञा सांग, आडनावाचं पुढे बघता येईल, इथे लोक उगाच चौकशा करतात. सांगताना तिचा आवाज प्रेमळ होता. प्रज्ञाने मान डोलावली, जणू कुणी छत्री घेऊन जा म्हटलं असावं. मीनल तिला जपत होती की तेच करत होती जे बाकीचे करतात, हे मला ठरवता येईना. मी आणखी एक वडा घेतला. पाहुणी होते, आणि वडे चांगले झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घोडबंदर रोडला गेलो. रस्त्यावर गाड्या इतक्या मंद सरकत होत्या की बसमधल्या एका बाईने उतरून चालत जाऊन पुढची बस पकडली. एजंट गेटवरच उभा होता. कानात हेडफोन, हातात चाव्यांचा जुडगा, तोंडात "आंटी, टेन्शन नका घेऊ, एकदम फॅमिली माहौल आहे". लिफ्टने आम्ही इतके वर गेलो की माझे कान दडपले. घरात शिरल्यावर मी आधी बाल्कनीत धावले. एका बाजूला येऊरचं जंगल, दुसऱ्या बाजूला दूरवर खाडीची राखाडी पट्टी. माझा फळ्यावरचा नकाशा जिवंत झाला होता.

घरमालक स्वतः आले होते. निवृत्त अधिकारी, पांढरा कुर्ता, बोलणं मृदू. मी कऱ्हाडची म्हटल्यावर त्यांना आनंद झाला, त्यांची बहीण तिकडे दिलेली होती. माझं आडनाव कुलकर्णी हे कळल्यावर ते आणखी खुलले. स्वयंपाकघरातला गॅस कसा पेटवायचा, कपडे कुठे वाळत घालायचे, सगळं त्यांनी प्रज्ञाला समजावून दिलं. मुलगी एकटी आहे याची काळजी करू नका, शेजारी चांगले आहेत, माझी मुलगी समजा, असंही म्हणाले. मग करारासाठी म्हणून त्यांनी सहज विचारलं, "हिचं पूर्ण नाव काय म्हणालात?"

प्रज्ञाने सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, कांबळे.

त्यांचा चेहरा बदलला असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. ते हसतच होते. एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं एवढंच. मग त्यांना आठवलं की त्यांचा मुलगा परदेशातून येण्याची शक्यता आहे, आला तर हीच जागा लागेल, तेव्हा दोन दिवसांत कळवतो. त्यांनी आम्हाला लिफ्टपर्यंत सोडलं. कऱ्हाडला आलो की नक्की येईन, असं मला म्हणाले. आणि मी, "या ना, जरूर या" म्हणाले.

खाली येईपर्यंत मला कळेना की नेमकं काय घडलं. खरंच मुलगा येत असेल. माणूस सज्जन दिसत होता. उगीच कुणावर आरोप कसा करायचा? पण मग मुलगा गॅस पेटवायला शिकवण्याआधी का नाही आठवला? रस्त्यावर आल्यावर माझ्या डोक्यात वाक्यांमागून वाक्यं येऊ लागली, एकाहून एक नेमकी. वर असताना त्यातलं एकही सुचलं नव्हतं. वर सुचलं होतं ते फक्त "या ना".

एका दुकानात आम्ही मिसळ खायला बसलो. मी प्रज्ञाला विचारलं, तुला काय वाटलं. ती म्हणाली, भूक लागलीय. मग तर्रीत पाव बुडवत माझ्याकडे न बघता ती बोलली, "दर वेळी आधी हे ठरवावं लागतं मावशी, की हे तेच आहे की दुसरं काही. निम्मी ताकद त्यातच जाते. मग भांडायला उरत नाही."

माझी मिसळ गार झाली. संध्याकाळी मी सतीशला सगळं सांगितलं आणि गळ घातली की त्या गृहस्थांना फोन कर, तुझ्या ऑफिसातल्या कुणासाठी जागा हवी म्हणून. त्याला ते आवडलं नाही, पण त्याने केला. नाव सांगितलं सतीश दीक्षित. जागा मोकळी होती. कधीही येऊन बघा, म्हणाले. फोन ठेवल्यावर सतीश कसंनुसं हसला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मीनल आत निघून गेली. प्रज्ञा तिथेच बसून सगळं ऐकत होती. खात्री झाल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त यापुढे मी गप्प बसणार नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं. हे मी प्रज्ञाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशीचा मुक्काम कळवा. ठाण्याहून पूल ओलांडला की खाडीपलीकडे कळवा लागतं. घोडबंदरच्या मानाने इमारती बुटक्या, रस्ते गजबजलेले, भाज्या ताज्या. इथली जागा प्रज्ञाच्या कंपनीतल्या एका मुलीने सुचवली होती. तीच त्या इमारतीत राहते. मालक दुबईला, किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंकडे. बाई चटपटीत होत्या, चप्पल पायात अडकवून लगेच खाली आल्या. नोकरी करणाऱ्या मुली इथे आहेत, काही अडचण नाही, असं जिना चढतानाच म्हणाल्या. जागा पाहून झाली, प्रज्ञाला आवडली. खाली पार्किंगमध्ये उभ्या असताना बाईंनी नाव विचारलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काय आहे ना, कमिटीने आता ठरवलंय की फॅमिलीलाच द्यायचं."

मी विचारलं, जिना चढेपर्यंत हे ठरलं नव्हतं का? नाव ऐकल्यावरच कसं ठरलं? एकदा तोंड उघडल्यावर कालच्या बाल्कनीतलं, वड्यांच्या वेळचं, सगळंच बाहेर आलं. संविधान आलं, शिक्षण आलं, लाज नाही का वाटत हेही आलं. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. वरच्या गॅलऱ्यांत माणसं जमली. वॉचमन उठून उभा राहिला.

बाईंचा आवाज मात्र चढला नाही. "मॅडम, जातीचा विषय तुम्ही काढताय. मी एक शब्द बोललेय का?" असं म्हणून त्या प्रज्ञाकडे वळल्या. "तूच सांग बाळा. मी तुला काही वाईट बोलले का?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. मीही. ती म्हणाली, "नाही."

आणि ती गेटबाहेर चालू लागली. मी मागून धावले. तेवढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल हातात घेऊन, कळव्याच्या भर रस्त्यात, मी तिला थांब गं थांब गं म्हणत होते. खाडीच्या दिशेने जाणाऱ्या एका गल्लीत ती थांबली. एका घराच्या पायरीवर बसली. मी शेजारी बसले.

मग तिने सांगितलं ते असं. वरच्या एका गॅलरीत तिच्या ऑफिसातल्या त्या मुलीची आई उभी होती. म्हणजे सोमवारी ती रुजू होण्याआधीच हे ऑफिसात पोचणार. तिने आडनाव कधी लपवलं नव्हतं आणि कधी मुद्दाम पुढेही केलं नव्हतं. कुणाला, कधी, कसं कळू द्यायचं हे तिच्या हातात होतं. "आज ते तुम्ही माझ्या हातातून घेतलंत," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी भांडलात, मला माहीत आहे. पण मी तिथे होते मावशी. मला विचारलं का नाही?"

मी म्हटलं की मला राहवलं नाही. ती म्हणाली, तुम्हाला राहवलं नाही, ते ठीक. राहायचं तर मला आहे. यापुढे मला विचारल्याशिवाय बोलू नका. मी कबूल केलं.

आणि मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिचा मामा ठाण्याला यायला तयार होता, सुट्टीसुद्धा काढली होती त्याने. आईनेच त्याला नको म्हटलं. कुलकर्णीबाई बरोबर असल्या तर दारं तरी उघडतील, असं आई म्हणाली.

हे ऐकून मला काय वाटलं ते अजूनही नीट सांगता येत नाही. आधी राग आला. इतक्या वर्षांची शेजारीण, आणि मला किल्लीसारखं वापरलं. लगेच त्या रागाची लाज वाटली, कारण दारं खरंच उघडली होती आणि माझ्या नावाने उघडलेल्या दारांतून मी मजेत बाल्कनीत जाऊन डोंगर बघत होते. मग वाईट वाटलं, की सुनंदाताईंनी हे मला तोंडावर का नाही सांगितलं. आणि त्याच्याही मागे बारीकसा प्रश्न होता: सांगितलं असतं तर मी आले असते का? आले असते. बहुतेक. पण इतक्या उत्साहाने नाही.

आम्ही ज्या पायरीवर बसलो होतो त्या घराची बाई एव्हाना बाहेर आली होती. हिराबाई तिचं नाव, साठीच्या पुढची, कोळी घरातली. अंगणात प्लास्टिकवर जवळा (बारीक सुकवलेली कोळंबी) पसरलेला होता आणि ओटीवर दोन बाकं टाकून ती दुपारचं जेवण विकत होती. माझ्या हातातली चप्पल पाहून तिने काही न विचारता सुतळी आणून अंगठा बांधून दिला आणि आत बसायला सांगितलं. प्रज्ञाने निवट्यांचं कालवण (खाडीच्या चिखलात मिळणाऱ्या छोट्या माशांची आमटी) आणि तांदळाची भाकरी मागवली. मी मासे खात नाही म्हटल्यावर हिराबाईने घरच्यांसाठी केलेलं वालाचं बिरडं माझ्या ताटात वाढलं. इतकं चविष्ट बिरडं मी खाल्लं नव्हतं, आणि त्या वेळी चव लागावी याचंही मला नवल वाटलं.

तिला सगळ्यांची चौकशी करायची हौस. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण. प्रज्ञाने पूर्ण नाव सांगितलं. या वेळी तिने ते जरा जोरातच सांगितलं. हिराबाईने कालवणाची आणखी एक पळी वाढली. घर शोधतोय हे कळल्यावर म्हणाली, "मग मंगाशी का नाय बोललीस? आमचे माडीवर दोन रूमा हान. एक रिकामी हाय. बघ आवरली तर." आवरली म्हणजे आवडली.

आम्ही वर जाऊन पाहिलं. खोली लहान, पण स्वच्छ, खिडकीतून खाडी आणि दोऱ्यांना बांधलेल्या दोन होड्या दिसत होत्या. प्रज्ञा खिडकीत उभी राहून हसली. ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा. हिराबाई मागून कौतुकाने सांगत होती, पाण्याचं कसं, जिन्याला वेगळं दार कसं, रात्री उशीर झाला तरी आपली माणसं जागी कशी असतात. आणि त्याच आवाजात, त्याच मायेने तिने पुढे सांगितलं, "आमी कोनाला पन देतो. फक्त मुसलमान नाय ठेवत. मना काय नाय गो, पन घरातले नको बोलतान."

मी प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञा खाडीकडे पाहत होती. तासाभरापूर्वी मी संविधान सांगितलं होतं. आता माझ्या तोंडात बिरड्याची चव होती, पायात तिने बांधलेली सुतळी होती, आणि प्रज्ञाला विचारल्याशिवाय बोलणार नाही असं मी नुकतंच कबूल केलं होतं. तिघी जणी खिडकीशी उभ्या राहिलो. उद्या कळवतो, असं सांगून आम्ही निघालो. परतीच्या रिक्षात ना तिने तो विषय काढला, ना मी.

चौथ्या दिवशी सतीशने ऑफिसला दांडी मारली. टीव्हीचा आवाज वाढवल्याचं त्याच्या मनाला लागलं असावं. त्याने गाडी काढली आणि आम्हाला डोंबिवलीला घेऊन गेला. माणकोलीवरून मोठागावच्या नव्या पुलाने गेलो. उल्हास नदी तिथे चांगली रुंद आहे, पाणी जड, मातकट. पूल उतरला की डोंबिवली सुरू होते. पोळीभाजी केंद्रं, पुस्तकांची दुकानं, गाण्याच्या क्लासच्या पाट्या. कऱ्हाडच्याच एखाद्या पेठेत आल्यासारखं वाटत होतं. त्यामुळे जास्तच धास्ती वाटली.

मालकीणबाई एकट्या राहत होत्या, शेजारचा छोटा ब्लॉक भाड्याने द्यायचा होता. माझ्यासारख्याच निवृत्त शिक्षिका. त्यांनी आवळ्याचं सरबत दिलं. आमच्या शाळा, आमचे हेडमास्तर, आमचे गुडघे, सगळं बोलून झालं. मला त्या इतक्या आवडल्या की त्यांनी नाव विचारूच नये असं वाटत होतं. त्यांनी विचारलं. प्रज्ञाने सांगितलं. बाईंनी पेला टेबलावर ठेवला.

"माझी काही हरकत नाही हो," त्या मला म्हणाल्या. प्रज्ञाला नव्हे, मला. "पण बिल्डिंगमधले लोक जरा जुन्या वळणाचे आहेत."

मी ओठ मिटून बसले. सतीश जमिनीकडे बघत होता. मी प्रज्ञाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर बोला म्हणत होती की बोलू नका म्हणत होती, हे मला काही केल्या वाचता आलं नाही. आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचलेली मी.

मग प्रज्ञा म्हणाली, "कोण लोक?"

बाई गोंधळल्या. असेच, सगळे, म्हणाल्या.

"त्यांना बोलवता का? मी थांबते." तिचा आवाज अगदी साधा होता. हात मांडीखाली दाबून ठेवले होते. "मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय. दर वेळी ते लोक कुठेतरी दुसरीकडेच असतात. मला एकदा बघायचेत."

बाईंना काय करावं कळेना. शेवटी त्यांनी खरंच वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना फोन केला. ते बर्म्युडावर, हातात वर्तमानपत्र घेऊन खाली आले. विषय समजल्यावर अवघडले. म्हणाले की मला कुणी कधी विचारलंच नाही, माझं काही म्हणणं नाही. मग जरा थांबून, दुसऱ्या विंगमधल्यांचं मात्र सांगता येत नाही, असंही म्हणाले, आणि आले तसे गेले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता त्या प्रज्ञाकडे बघून बोलल्या. "मी वर्गात किती वर्षं हे शिकवलं. मलाच भीती वाटली गं. लोक काय म्हणतील म्हणून लोकांनी म्हणायच्या आधी मीच म्हटलं." मग डोळे पुसून त्यांनी विचारलं की जागा घेशील का. आनंदाने देते.

प्रज्ञा म्हणाली, विचार करून सांगते. सरबताचा पेला तिने स्वतः आत नेऊन ठेवला आणि आम्ही निघालो.

मी भारावून गेले होते. सतीशही. आता एवढ्यात परत नको म्हणून त्याने गाडी कल्याणला नेली आणि आम्हाला काळ्या तलावावर भेळ खाऊ घातली. लोक गोल गोल फिरत होते, काही आजोबा बाकावर बसून मोठ्याने हसत होते. सतीश पार्किंग बघायला गेला तेव्हा मी प्रज्ञाला म्हटलं, शाबास. ती कागदाच्या चमच्याने भेळ नुसतीच ढवळत होती.

"आज तुम्ही का नाही बोललात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, अगं, तूच नको म्हणाली होतीस.

"हो. म्हणाले होते." तिने भेळ बाकावर ठेवून दिली. "पण मला वाटलं, तुम्ही बोलाल."

काल बोलले ते चुकलं होतं आणि आज गप्प बसले तेही. मला तिचा थोडा राग आला. आणि तो येताना हेही कळत होतं की तिला एकटीला ते वाक्य उचलावं लागलं, हात मांडीखाली दाबून. शेजारी दोन मोठी माणसं बसलेली असताना. मी तिला एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी काय करू ते मला आधी सांग. ती म्हणाली, मला तरी कुठे आधी माहीत असतं.

डोंबिवलीची जागा मोठी होती, भाडं परवडणारं होतं, मालकीण आता तिला जपली असती. तरी तिने हिराबाईची खोली घेतली. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली की डोंबिवलीच्या बाई रोज माझ्याशी जरा जास्तच चांगलं वागतील, मला ते पेलणार नाही. हिराबाई नाव ऐकून कालवण वाढून मोकळी झाली. आणि तिचं ते दुसरं बोलणं? हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

खोलीत गादी, बादली, दोन पातेली असं सामान लावून मी दुसऱ्या दिवशी परतले. निघताना हिराबाईने माझ्या पिशवीत वालाची पुडी टाकली. मीनलने गाडीत खायला पुऱ्या बांधून दिल्या आणि दारात माझा हात धरून म्हणाली की मी चुकीचं सांगितलं का हो तिला, त्या दिवशी? मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरंच होतं.

कऱ्हाडला पोचल्यावर सुनंदाताईंना सगळी हकिकत सांगितली. मामाची गोष्ट मला कळली आहे हे मी बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. पण चहा देताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मला वाटलं की त्यांना कळलंय. आम्ही पूर्वीसारख्याच आहोत. फक्त भिंतीवर टकटक झाली की उठण्यापूर्वी मी आता क्षणभर थांबते, का ते मला ठाऊक नाही.

प्रवासातून परतल्यावर माणसाला काहीतरी उमगलेलं असावं अशी वाचणाऱ्यांची अपेक्षा असते. मला एवढंच सांगता येतं की बोलण्यासाठी धीर लागतो असं मी समजत होते, आणि धीर हा त्यातला सोपा भाग निघाला. कोणाच्या वतीने बोलायचं, कोणाला विचारून, आणि समोरचं माणूस आपल्याला आवडत असेल तर काय करायचं, हे मला ठाण्यात जाण्याआधी जेवढं कळत होतं त्याहून आज कमी कळतं.

परवा प्रज्ञाचा फोन आला. ऑफिसात ती गोष्ट पोचली, कुणी काही बोललं नाही, फक्त एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत येऊन शेजारी बसू लागली. नाझिया, भुसावळची. तीही जागा शोधतेय. हिराबाईची दुसरी खोली या महिन्यात रिकामी होतेय आणि तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर सांग, असं हिराबाईनेच प्रज्ञाला म्हटलंय.

"मी हिराबाईकाकूंना सांगितलंय की रविवारी एक मैत्रीण जेवायला येणार आहे," प्रज्ञा म्हणाली. "नाव सांगितलेलं नाही. काकू विचारणारच. तुम्ही याल का?"

येते म्हटलं. शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. तिथे जाऊन बोलायचं की गप्प बसायचं, ते मात्र विचारायचं राहून गेलं.